अहवालात न लिहिलेली शेड: डिचोली तालुक्यातील एका काजू कारखान्यापुढील पेच

या प्रकरणातील कारखाना आणि माणसे अभ्यासासाठी रचलेली आहेत. कायदा, यंत्रणा आणि काजूच्या हंगामाचे गणित मात्र खरे आहे. लाचेच्या मागणीपायी कारखान्याचा दाखला कोणत्या खात्याकडे अडकला, हे मुद्दाम लिहिलेले नाही. तपासणी, अहवाल आणि दाखला या तीन पायऱ्या जिथे एकाच टेबलावरून जातात, तिथे हेच घडू शकते आणि एखाद्या खात्याचे नाव घातले की वाचकाचे लक्ष पेचावरून उडून त्या खात्याच्या लौकिकाकडे जाते.

गोव्याच्या डिचोली तालुक्यातील हा कारखाना बाबांनी सुरू केला आणि आता भाऊ-बहीण भागीदारीत चालवतात. भाऊ खरेदी आणि उत्पादन पाहतो, बहीण हिशेब आणि बँक पाहते. वर्षाला साधारण 60 टन काजूबिया फोडल्या जातात. चार किलो बियांमागे सुमारे एक किलो गर मिळतो हे या धंद्याचे ढोबळ प्रमाण धरले, तर पंधराएक टन गर तयार होतो. सोलण्यासाठी आणि प्रतवारीसाठी आसपासच्या गावांतील 24 महिला रोजंदारीवर येतात. त्या वर्षी जुना वाफेचा कुकर मोडीत काढून नवा बॉयलर बसवला गेला होता आणि त्याच्या जोरावर बँकेने खेळत्या भांडवलाची मर्यादा वाढवून देण्याचे मान्य केले होते. अट एकच होती, की संबंधित खात्याचा दाखला आधी सादर व्हावा.

ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण सगळा दबाव कॅलेंडरातून येतो. गोव्यात काजूबिया प्रामुख्याने मार्च ते मे या काळात बाजारात येतात. कारखानदार त्या काळात वर्षभराचा माल विकत घेतो, उन्हात वाळवतो, पोत्यांत भरून ठेवतो आणि पुढे महिनोन्महिने फोडत राहतो. त्यामुळे मार्चमध्ये हातात रोकड नसेल तर त्याची झळ पुढच्या फेब्रुवारीपर्यंत लागते. स्थानिक बिया हुकल्या तर आफ्रिकेतून आयात केलेला माल घ्यावा लागतो आणि तो माल 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या गोव्याच्या काजूच्या नावाने विकता येत नाही. बँकेच्या जुन्या मर्यादेत जेमतेम 35 टनांची खरेदी शक्य होती. उरलेले 25 टन दाखल्यावर अवलंबून होते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात अधिकारी तपासणीला आले. त्यांनी बॉयलर पाहिला, कागद पाहिले, चहा घेतला आणि मागच्या बाजूला जाऊन वाळवणीच्या शेडकडे बराच वेळ पाहत राहिले. बोलले काहीच नाहीत. पाच दिवसांनी, ज्याच्यामार्फत अर्ज भरला होता त्या एजंटचा फोन आला: “शेट, फाईल तयार आहे, फक्त साहेबांचं काहीतरी बघायला हवं. चाळीस म्हणाले. मी माझ्या बिलात धरतो, तुम्हाला कुठं जायला नको.”

आता त्या शेडविषयी. दोन वर्षांपूर्वी गराच्या मागणीत वाढ झाली तेव्हा भावाने मुख्य इमारतीच्या मागे पत्र्याची शेड उभारून त्यात विजेवर चालणारे ड्रायर बसवले. जमिनीच्या ज्या भागावर ती उभी राहिली, त्या भागाची सनद (शेतजमीन बिगरशेती कामासाठी वापरण्याची परवानगी) नव्हती आणि पंचायतीची बांधकाम परवानगीही घेतलेली नव्हती. शेडला लागूनच काजूच्या टरफलांचा ढीग असे. टरफलांत तेल असते, ती झपाट्याने पेटतात, म्हणून तर बॉयलरला इंधन म्हणून ती वापरली जातात. त्या शेडमध्ये रोज चार-पाच महिला काम करत होत्या.

भावाने एजंटचे बोलणे घरी सांगितले तेव्हा त्याच्या सांगण्यात शेड नव्हती. “काम आपलं रीतसर आहे, नुसतं लवकर करून देण्याचे पैसे मागतोय,” असे त्याचे म्हणणे होते. बाबांनी ते तसेच स्वीकारले. त्यांच्या उमेदीच्या काळात दर दिवाळीला काजूचे पाकीट खात्यात पाठवणे हा शिष्टाचार होता, आणि चाळीस हजार म्हणजे एका टन बियांच्या किमतीहूनही कमी, तेवढ्यासाठी 25 टनांची खरेदी घालवणे त्यांना शुद्ध अव्यवहार वाटत होते. बहिणीने मात्र एकच विचारले: “दादा, साहेब शेडबद्दल काय म्हणाले?”

माझ्या मते सगळे प्रकरण या प्रश्नावर उभे आहे. लाच दोन प्रकारची असते आणि देणारा नेहमी स्वतःला पहिल्या प्रकारात बसवतो. पहिल्या प्रकारात माणसाला जे हक्काने मिळायला हवे तेच अडवून पैसे उकळले जातात. दुसऱ्या प्रकारात जे त्याला मिळू नये ते दोघे मिळून विकत घेतात आणि त्याची किंमत तिसराच कोणी मोजतो. अर्थतज्ज्ञ कौशिक बसू केंद्र सरकारचे मुख्य आर्थिक सल्लागार असताना, 2011 मध्ये, त्यांनी सुचवले होते, की पहिल्या प्रकारच्या लाचेत देणाऱ्याला गुन्हेगार धरू नये, म्हणजे तो उघडपणे तक्रार करू शकेल. त्यावर मोठे वादळ उठले. आपल्या प्रकरणात त्या सूचनेची उपयुक्तता ती मान्य करण्यात किंवा फेटाळण्यात नाही. तिने पाडलेल्या भेदात आहे. अधिकाऱ्याने शेडबद्दल काही न बोलणे हीच त्याची विक्रीची वस्तू होती. अहवालात शेडचा उल्लेख येऊ नये, याचे ते चाळीस हजार होते, आणि भावाला हे कळत होते. त्याने फक्त ते स्वतःशी उच्चारले नव्हते.

कायदाही हा भेद काही अंशी ओळखतो. 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 26 जुलै 2018 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने लाच देणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. आठव्या कलमाखाली सात वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. देण्यास भाग पाडले गेलेल्या व्यक्तीला त्यातून सूट आहे, परंतु दिल्यापासून सात दिवसांच्या आत तिने तपास यंत्रणेला कळवले पाहिजे. देण्याआधीच यंत्रणेला कळवून, तिच्या मदतीसाठी पैसे दिले तरी गुन्हा होत नाही. दुरुस्तीपूर्वी चोविसाव्या कलमाने लाच देणाऱ्याच्या जबाबाला जे संरक्षण होते, ते काढून टाकण्यात आले. म्हणजे “आधी देऊन टाकू, पुढे बघू” असे म्हणणाऱ्याला विचार करायला एक आठवडा मिळतो. शिवाय आपली अनधिकृत शेड झाकण्यासाठी पैसे मोजणाऱ्याला “मला भाग पाडले” असे म्हणता येईल का, याचे उत्तर भावाला आवडण्यासारखे नव्हते.

एजंटने सुचवलेली सोय तर सोय नव्हतीच. नववे कलम व्यापारी संस्थेला लागू होते, त्यात भागीदारी संस्था येते आणि संस्थेसाठी किंवा तिच्या वतीने काम करणाऱ्या माणसाने दिलेली लाच संस्थेच्या नावावर धरली जाते. ज्या भागीदाराच्या संमतीने किंवा कानाडोळ्याने ती दिली गेली, त्याला दहाव्या कलमाखाली तीन ते सात वर्षांची शिक्षा आहे. बहिणीने त्या रात्री हे वाचले आणि पेचाचे स्वरूप तिच्यापुरते बदलले. भाऊ जे एकट्याचे ओझे समजत होता, त्यात तिची सही आधीच गृहीत धरलेली होती.

तिची दुसरी हरकत वहीची होती आणि मला ती कलमांपेक्षा अधिक बोलकी वाटते. चाळीस हजार रुपये रोख बाहेर काढायचे तर ते कशाखाली दाखवायचे? एजंटचे बिल फुगवायचे म्हणजे खोटे बिल स्वीकारायचे, ते खरे म्हणून नोंदवायचे आणि लेखापरीक्षकासमोर खरे म्हणून ठेवायचे. बेकायदा कामासाठी केलेला खर्च आयकर कायद्यानुसार वजावटीला पात्र नसतो, त्यामुळे त्या खोट्याला करचुकवेगिरीही येऊन चिकटते. लाच एकदाच दिली जाते. तिची नोंद टिकवावी लागते. गोव्याला याचे मोठे उदाहरण ठाऊक आहे. जपानच्या अर्थसाहाय्याने झालेल्या पाणीपुरवठा प्रकल्पाच्या संदर्भात लुई बर्जर या अमेरिकी सल्लागार कंपनीने जुलै 2015 मध्ये अमेरिकेत चार देशांतील लाचखोरीची कबुली दिली आणि 1 कोटी 71 लाख डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. त्या चार देशांत भारत होता. त्या प्रकरणात लाचेच्या रकमा वहीत विपणन शुल्क, क्षेत्रीय कामकाजाचा खर्च अशा निरुपद्रवी नावांनी घातलेल्या होत्या. आकार वेगळा असला तरी “बिलात धरतो” या एजंटच्या वाक्याची रीत तीच आहे.

मग तक्रार करावी का? गोव्यात दक्षता खात्याच्या अखत्यारीत लाचलुचपत विरोधी विभाग आहे. तिथे लेखी तक्रार दिली, की साधारणपणे पडताळणी होते, पंच बोलावले जातात, नोटांचे क्रमांक लिहून त्यांना फिनॉल्फ्थॅलीनची पूड लावली जाते आणि स्वीकारणाऱ्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होते. हे दृश्य वर्तमानपत्रांमुळे सर्वांना माहीत आहे. कमी माहिती असते ती याची, की नोटा सापडणे पुरेसे नसते. मागणी सिद्ध व्हावी लागते. 15 डिसेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने नीरज दत्ता प्रकरणात मागणी आणि स्वीकार या दोन्ही गोष्टी सिद्ध होणे अत्यावश्यक असल्याचे पुन्हा सांगितले. तक्रारदार मरण पावला किंवा फितूर झाला तरी परिस्थितिजन्य पुराव्यावरून त्या सिद्ध करता येतील, असेही स्पष्ट केले. आपल्या प्रकरणात अधिकाऱ्याने स्वतः एक शब्दही उच्चारलेला नव्हता. “चाळीस म्हणाले” हे एजंटचे वाक्य होते आणि साहेब खरोखर तसे म्हणाले की एजंटच आपली पोळी भाजून घेत होता, हे कोणालाच खात्रीने सांगता येत नव्हते. या शक्यतेकडे व्यवसायातील मंडळी आश्चर्य वाटावे इतके दुर्लक्ष करतात. एजंटविरुद्धही तक्रार होऊ शकते, कारण 7अ हे कलम मध्यस्थासाठीच आहे. पण ती करणाऱ्याला मागची शेड दाखवतच पुढे जावे लागणार होते.

यानंतर जो मार्ग सुचला तो गोव्यात सर्वांत सहज सुचतो आणि बहुतेकांना त्यात काही गैर आहे असे वाटतच नाही. बाबा म्हणाले, “आमदारांना एक फोन करू.” चाळीस आमदारांच्या या राज्यात एका मतदारसंघात सरासरी तीस हजारांच्या आतबाहेर मतदार असतात. लग्न, बारसे, जत्रा, कुठेही आमदार भेटतो, नावाने ओळखतो, आणि एका फोनने फाईल हलते हे खोटे नाही. यात पैसे जात नाहीत, गुन्हा नोंदत नाही, उलट आपले वजन आहे याचे समाधान मिळते. तरी या मार्गाची किंमत लाचेपेक्षा कमी आहे असे मला वाटत नाही. त्या फोनने काय मागितले जाणार होते? अहवाल लवकर यावा हे, आणि न बोलता, शेड त्यात येऊ नये हे. म्हणजे तीच वस्तू, फक्त चलन वेगळे; आणि हे कर्ज निवडणुकीच्या वर्षी फेडावे लागते, तेव्हा त्यावर कोणती मुदत किंवा व्याजदर लिहिलेला नसतो. ज्या माणसाकडे असा फोन नाही, त्याची फाईल त्या दिवशी आणखी एका जागेने खाली सरकते, हेही त्यात आले. बाबांना हे पटले नाही. ओळख वापरणे म्हणजे शेजाऱ्याकडून दोर मागण्यासारखे आहे, असे ते म्हणत राहिले, आणि छोट्या गावात वाढलेल्या माणसाला ते तसे वाटावे यात नवल नाही.

निर्णय शेवटी शेडपासून सुरू झाला. आधी वाटले, की ती नियमित करून घेता येईल. पण गोव्याच्या 2016 च्या अनधिकृत बांधकामे नियमित करण्याच्या कायद्यात 28 फेब्रुवारी 2014 पूर्वीचीच बांधकामे येतात. ही शेड त्यानंतरची. नव्याने सनद आणि परवानगी घ्यायची तर हंगाम केव्हाच संपला असता. भावाने शेड पाडली. ड्रायर मुख्य इमारतीत, गोदामाचा एक भाग रिकामा करून हलवले आणि टरफलांचा ढीग कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला नेला. मग बहिणीने खात्याला पत्र दिले: तपासणी अमुक दिवशी झाली, त्यानंतर मांडणीत हे बदल केले आहेत, सुधारित नकाशा सोबत आहे, आणखी काही त्रुटी असल्यास लेखी कळवावे. पत्राच्या दुय्यम प्रतीवर आवक शिक्का घेतला. एजंटला कळवले, की यापुढे पाठपुरावा आम्हीच करू; त्याचे ठरलेले शुल्क बँकेतून दिले. त्याने पुन्हा फोन केला नाही.

“त्रुटी लेखी कळवा” या वाक्यात जादू नाही, पण त्याने एक गोष्ट होते: मौन ही विकण्याची वस्तू उरत नाही. अधिकाऱ्याला आता काहीतरी लिहावे लागते, आणि लिहिलेले माहिती अधिकारात मागता येते. गोव्याने केंद्राच्या 2005 च्या कायद्याआधी, 1997 मध्येच स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता, ही येथे आठवण्याजोगी गोष्ट आहे. सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा 2013 चा गोव्याचा कायदाही आहे. मात्र अर्जातच खोट असली तर मुदतीवर बोट ठेवायला जागा राहत नाही. शेड उभी असताना यातले एकही हत्यार उचलता आले नसते.

दाखला एप्रिलच्या अखेरीस आला. दुसरी तपासणी त्याच अधिकाऱ्याने केली, अहवाल स्वच्छ लिहिला आणि पैशाचा विषय कोणी काढला नाही.

आता हिशेब. तो सोयीस्करपणे वगळला जातो म्हणून येथे मांडतो. जुना कुकर मोडलेला आणि नवा बॉयलर दाखल्याविना बंद, त्यामुळे पहिले 18 कामाचे दिवस सोलण्याचे काम थांबले. रोज 550 रुपये मजुरी असलेल्या 24 महिलांना त्या काळात अर्धी मजुरी द्यायची असे बहिणीने ठरवले; त्याचे 1,18,800 रुपये झाले. नंतर फोंड्याकडील एका कारखान्यात बिया वाफवून आणल्या, त्याचे वेगळे पैसे. बँकेची वाढीव मर्यादा मिळेपर्यंत भाव चढले होते आणि 25 टनांऐवजी 14 टनच अधिक बिया मिळाल्या. चाळीस हजारांच्या पुढे ही रक्कम कितीतरी मोठी आहे आणि प्रामाणिकपणा शेवटी स्वस्त पडतो, हे वाक्य या वहीतून तरी निघत नाही. त्या खर्चातला मोठा वाटा लाच नाकारण्याचा नव्हता, दोन वर्षे अनधिकृत शेड वापरून जे वाचवले होते त्याची ती उशिरा झालेली वसुली होती, असे बहीण म्हणते. भाऊ हे मान्य करतो, पण पूर्ण नाही. शेजारच्या तालुक्यातील त्याच्या स्पर्धकाकडे तशीच शेड आजही उभी आहे आणि त्याची खरेदी पूर्ण झाली.

महिलांची बाजू यात सर्वांत कमी बोलली गेली. अर्ध्या मजुरीचा निर्णय त्यांना सांगण्यात आला, विचारण्यात आला नाही. कामाच्या जागेजवळून टरफलांचा ढीग हलला याचा लाभ त्यांचा होता आणि अठरा दिवसांची उरलेली अर्धी मजुरी, म्हणजे आणखी 1,18,800 रुपये, हा तोटाही त्यांचाच होता. मालकाच्या सचोटीचा अर्धा खर्च रोजंदारीवरच्या माणसाने उचलावा का? बहिणीने ही रक्कम दिवाळीच्या बोनसात मिळवण्याचे सुचवले आहे. भावाचे म्हणणे, की 11 टन खरेदी हुकलेल्या वर्षात ते झेपणार नाही.

तक्रार न करण्याचा निर्णयही वादातीत नाही. एजंट अजून त्याच खात्याच्या आवारात अर्ज भरून देतो. त्याच्याकडे येणाऱ्या पुढच्या माणसाची शेड अधिकृत असू शकते, म्हणजे तो पहिल्या प्रकारात मोडणारा, खरोखर नाडलेला असू शकतो, आणि त्याच्या उपयोगी पडू शकणारी साक्ष या भावंडांकडे होती. शेड पाडल्यानंतर त्यांना स्वतःचे लपवण्यासारखे फारसे उरले नव्हते. तरीही ती दिली गेली नाही, कारण दाखल्याचे नूतनीकरण पुढच्या वर्षी त्याच टेबलावर आहे.